दोन डब्यांपाशी थांबलेला धडा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याची वेळ आमच्यावर दरवर्षी येते. गेली काही वर्षे प्रत्येक प्रदर्शनात एक टेबल हमखास कचऱ्याचे असते. थर्मोकोलवर उभारलेले शहर, रंगवलेली घरे, काड्यापेट्यांची घंटागाडी आणि शेजारी दोन डबे, एक हिरवा, एक निळा. टेबलामागची मुलगी पाठ केलेले घडाघडा म्हणून दाखवते : ओला कचरा हिरव्यात, सुका कचरा निळ्यात, ओल्याचे खत होते, सुक्याचे पुनर्चक्रीकरण होते, म्हणून शहर स्वच्छ राहते.

मागच्या एका प्रदर्शनात आम्ही अशाच एका मुलीला विचारले, "उद्या प्रदर्शन संपल्यावर हे तुमचे शहर कोणत्या डब्यात टाकणार?" ती गोंधळली. थर्मोकोल, त्यावर तैलरंग, त्याला सरसाने चिकटवलेला कागद, मध्येच टाचण्या. कोणत्याही डब्यात टाकले तरी कोणाच्याही उपयोगाचे नाही. (२०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, ही गोष्ट वेगळीच.) पण मुलगी हुशार होती. क्षणभर थांबून तिने आम्हांलाच विचारले, "सर, आमच्या गल्लीत गाडीवाले दोन्ही डबे एकत्रच ओततात. मग आम्ही वेगळे करायचे तरी कशाला?"

तिच्या शिक्षकांनी तिला गप्प केले. खरे म्हणजे त्या दालनात त्या दिवशी विचारला गेलेला तो सर्वांत शास्त्रीय प्रश्न होता, आणि लगेच देता येईल असे उत्तर आमच्याकडेही नव्हते. घरी आल्यावर आम्ही कचऱ्यावरचे हाती आले तेवढे पाठ, तक्ते आणि भित्तिपत्रके काढून वाचली. ह्या साहित्यामागचा हेतू चांगला आहे, आणि 'कचरा वेगळा करायचा असतो' ही गोष्ट आज लहान मुलालाही ठाऊक आहे याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात कुठेही नाही. असे का झाले, ते येथे तपासू.

शब्दांतच गोंधळ

पहिली अडचण 'ओला' आणि 'सुका' ह्या शब्दांची आहे. वाळलेले पान ओले असते का? शेंगदाण्याची टरफले, संत्र्याची वाळलेली साल, देवघरातले कोमेजलेले हार? हे सारे कोरडे ठणठणीत असते, तरी ते 'ओल्या'त टाकायचे. उलट दुधाची पिशवी, सरबताची बाटली, दह्याचा डबा हे ओलेचिंब असतात, पण जातात 'सुक्या'त. मूल हाताला लागेल त्यावरून ठरवते आणि चुकते. ही चूक त्याची नव्हे, शब्दांची आहे.

विज्ञानात वर्गीकरण शिकवताना आपण पहिली गोष्ट सांगतो की निकष एकच हवा आणि तो स्पष्ट हवा. येथे निकष ओलाव्याचा नाहीच. खरा निकष आहे तो 'ह्या वस्तूचे पुढे काय होणार' हा. सूक्ष्मजीव तिला कुजवून मातीत मिळवणार, की कारखान्यात तिचा कच्चा माल होणार, की ह्यांपैकी काहीच होणार नाही? वर्तमानपत्राचा कागद कुजतो, म्हणजे तो जैवविघटनशील आहे. तरी आपण तो कुजवत नाही, कारण त्याचा पुन्हा कागद करणे जास्त फायद्याचे. मात्र त्याच कागदात भजी बांधली की तो तेलकट होतो. तेलकट कागदाचा चांगला लगदा होत नाही, तेव्हा त्याचे खत केलेले बरे. म्हणजे एकच वस्तू, पण तिच्या इतिहासाप्रमाणे तिची जागा बदलली. हे मुलांना सांगितले तर ती स्वतः विचार करून ठरवू शकतात. नुसती यादी पाठ केली, तर यादीत नसलेली पहिली वस्तू समोर आली की अडतात.

२०१६ साली केंद्र सरकारने जे घनकचरा व्यवस्थापन नियम केले, त्यांत घरातल्या कचऱ्याचे तीन भाग सांगितले होते : जैवविघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक. आपल्या तक्त्यांत त्यांतले दोनच उरले, आणि तेही 'ओला-सुका' होऊन. जुने विजेऱ्यांचे सेल, मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे, कीटकनाशकाच्या बाटल्या यांचा तिसरा भाग बहुतेक ठिकाणी गळून पडला. आणि सॅनिटरी पॅड व डायपर यांविषयी तर संकोचाने बोललेच जात नाही. तो कचरा वेगळा गुंडाळलेला नसेल, तर कोणाला तरी उघड्या हाताने निवडावा लागतो. पुण्यात कचरावेचकांनी 'कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा' अशी साधी मागणी केली. इतकी सोपी गोष्ट आठवी-नववीच्या वर्गात सांगायला काय हरकत आहे?

रंगांचेही तसेच. त्याच २०१६ च्या नियमांत हिरवा, पांढरा आणि काळा असे रंग होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत हिरवा आणि निळा आले. रंग हा केवळ संकेत आहे, तो उद्या बदलेल. परीक्षेत 'सुका कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात टाकतात' एवढेच विचारून आपण संकेताचीच परीक्षा घेतो, ज्ञानाची घेत नाही.

मिसळणे फुकट, निवडणे महाग

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कचरा घरातच का वेगळा करायचा? मोठ्या यंत्राने शेवटी एकदम का करू नये? बहुतेक पाठ ह्याचे उत्तर 'कारण ती चांगली सवय आहे' असे देतात. ही शिकवण झाली, कारण नव्हे. कारण विज्ञानात आहे, आणि ते स्वयंपाकघरात दाखवता येते.

मिसळणाच्या डब्यात मोहरी आणि जिरे वेगवेगळ्या वाट्यांत असतात. दोन्ही एका ताटात ओतून हात फिरवायला दोन सेकंद लागतात. ती पुन्हा निवडायला अर्धा तास बसावे लागते. मिसळणे आपोआप होते, निवडायला मात्र काम करावे लागते, ऊर्जा खर्च करावी लागते. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो तो हाच. निवडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मुळात मिसळूच न देणे. आणि घरात कचरा जन्मतो तेव्हा तो मिसळलेला नसतोच : साल सुरीखाली असते, बाटली हातात असते. वेगळे करण्याला तेथे जवळजवळ काहीच श्रम पडत नाहीत.

मिसळल्याने काय बिघडते तेही आकड्यांत पाहता येते. एक किलो ओल्या कचऱ्यात सुमारे ७०० ग्रॅम पाणी धरू. उरलेल्या ३०० ग्रॅम कोरड्या पदार्थातून, किलोला सुमारे १७ मेगाज्यूल ह्या हिशेबाने, ५.१ मेगाज्यूल उष्णता मिळेल. पण ७०० ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करण्यातच सुमारे १.८ मेगाज्यूल खर्च होतील. हाती उरले ३.३ मेगाज्यूल, म्हणजे किलोला जेमतेम ८०० किलोकॅलरी. वरून इंधन न घालता भट्टी पेटती राहायला याच्या दुपटीच्या आसपास उष्णता लागते. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प उभारला होता. तो थोड्याच दिवसांत बंद पडला. आपल्या कचऱ्याचे उष्णतामूल्य यंत्राला पुरेसे नव्हते. ओलावा आणि माती भरपूर, आणि जळणारा कागद व प्लॅस्टिक कचरावेचकांनी आधीच उचललेले. यंत्र वाईट नव्हते. पण आपला कचरा कसा आहे हे आधी नीट पाहिले गेले नव्हते.

ढिगाऱ्यात उलट घडते. मिसळलेला कचरा दाबला गेला की आत प्राणवायू पोहोचत नाही. हवेशिवाय जगणारे जीवाणू त्या अन्नावर वाढतात आणि मिथेन वायू सोडतात. मुंबईतील देवनारचा कचरा डेपो १९२७ पासूनचा. २०१६ च्या जानेवारीअखेर त्याला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला, आणि परिसरातील पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. भाजीचे देठ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या एकत्र साठवल्या, म्हणजे मिथेन आणि त्याला लागणारे जळण दोन्ही आपणच एका जागी आणून ठेवले. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची-फुरसुंगी येथे टाकला गेला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले आणि ग्रामस्थांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. २०१७ मध्ये तर डेपोला आग लागल्यानंतर कित्येक दिवस शहराचा कचरा तुंबून राहिला. डब्यांच्या तक्त्यात हे गाव कोठेच नसते.

डब्यापलीकडची माणसे

तक्त्यावर बाण डब्यापासून निघतो आणि थेट 'पुनर्चक्रीकरण' ह्या शब्दाला जाऊन भिडतो. मधली माणसे पुसलेली असतात. वास्तविक आपल्या शहरांत जो काही पुनर्वापर होतो, तो बव्हंशी ह्याच माणसांच्या हातांनी होतो : कचरावेचक, रद्दीवाला, भंगारवाला, घाऊक व्यापारी, आणि शेवटी कारखाना.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे कोणतेही घर वर्तमानपत्रांची रद्दी खरकट्यात टाकत नाही. त्यासाठी मोहीम काढावी लागली नाही, डबा रंगवावा लागला नाही. रद्दीला भाव आहे आणि तो घरात मिळतो, एवढेच पुरले. म्हणजे 'लोकांना शिस्तच नाही' ही तक्रार अर्धवट खरी आहे. वेगळे ठेवल्याचा उपयोग डोळ्यांसमोर दिसला, की आपण पिढ्यान् पिढ्या वेगळे ठेवतो.

पुण्याचा अनुभव ह्याच तत्त्वाचा आहे. १९९३ मध्ये तेथे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महानगरपालिकेशी करार केला आणि कचरावेचक घरोघरी जाऊन कचरा घेऊ लागले. येथे दारात येणारी व्यक्तीच पुढे कागद, काच, प्लॅस्टिक विकते. तिने कचरा मिसळला तर तिचेच उत्पन्न बुडते. म्हणून ती मिसळत नाही, आणि तुम्ही मिसळून दिलात तर तुम्हांला सुनावते. याउलट जिथे वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, तिथे ओला, जड, मिसळलेला कचराच ठेकेदाराच्या सोयीचा. दोन्हीकडची माणसे सारखीच. फरक आहे तो रचनेत. हा विचार विज्ञानाच्या तासाबाहेरचा आहे असे आम्हांला वाटत नाही.

तीन बाणांचा भ्रम

आमचे रोजचे काम बहुवारिकांशी, म्हणजे ज्यांपासून प्लॅस्टिक बनते त्या लांब साखळ्यांच्या रेणूंशी आहे. म्हणून ह्या एका मुद्द्यावर थोडे अधिक लिहितो. प्लॅस्टिकच्या वस्तूखाली बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो. अनेक तक्त्यांत 'हे चिन्ह असलेल्या वस्तूचे पुनर्चक्रीकरण होते' असे छापलेले असते. हे चूक आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने ही खूण सुरू केली ती प्लॅस्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून. १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिथिन, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. आणि ७ म्हणजे 'इतर', ज्यात काय आहे ते आकड्यावरून कळतच नाही. वस्तू परत वापरात येते की नाही, ते ती कोणी विकत घेतो का यावर ठरते.

हे प्रकार एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. पीईटीच्या बाटल्यांच्या चुऱ्यात थोडेसे पीव्हीसी गेले, तर पीईटी वितळवण्याच्या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि सारा घाणा बिघडतो. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते हातातही धरत नाही. मुलाने ते पाकीट अगदी प्रामाणिकपणे निळ्या डब्यात टाकले, तरी त्याचा बहुधा कचराच होणार.

जे परत वापरले जाते तेही वर्तुळात फिरत नाही. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवे काढण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, आणि धातूचा गुण उतरत नाही. काचेचाही गुण उतरत नाही. कागदाचे तंतू मात्र दर फेरीला आखूड होतात. पीईटीच्या बाटलीचा बहुधा धागा होतो, आणि त्या कापडाची पुन्हा बाटली होत नाही. म्हणून 'पुनर्चक्रीकरण होते, मग खुशाल वापरा' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. आधी कमी वापरणे, मग तीच वस्तू पुन्हा वापरणे आणि त्यानंतर पुनर्चक्रीकरण, हा क्रम आहे.

ह्याच ओघात 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धांबद्दल एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. बाटली स्वच्छ असते तेव्हा भंगारवाला ती घेतो. तीच कापून, रंगवून, टिकल्या आणि मणी चिकटवून तिची फुलदाणी केली, की ती महिनाभर कपाटावर बसते आणि नंतर निव्वळ कचरा होते. हस्तकला म्हणून तिला गुण जरूर द्यावेत, पण ते कचऱ्याचे व्यवस्थापन नव्हे.

मग वर्गात काय करावे?

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. पाठ्यक्रम संपवण्याची घाई आम्ही जाणतो. तरी पुढील गोष्टी तीन-चार तासिकांत होतात आणि त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिली : आठवडाभर वर्गाचा कचरा जमवा आणि 'ह्याचे पुढे काय होणार' ह्या एकाच निकषाने चार ढीग करा. कुजणार ते, भंगारवाला पैसे देऊन घेणार ते, कोणीच घेणार नाही ते, आणि घातक ते. प्रत्येकाचे वजन करा. जवळच्या भंगारवाल्याला वर्गात बोलवा किंवा मुलांना त्याच्याकडे न्या. त्याचे भाव फळ्यावर लिहा. तिसऱ्या ढिगात काय काय आले त्याची यादी भिंतीवर लावा. कोणती वस्तू विकत घ्यायची नाही ते मुले स्वतःच सांगतील.

दुसरी : पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा, तिच्या झाकणाचा एक आणि ताठ पारदर्शक पेनचा (हे बहुधा पॉलिस्टायरिनचे असतात) एक तुकडा पाण्यात टाका. बुडबुडे चिकटू नयेत म्हणून साबणाचा एक थेंब घाला. झाकण तरंगते, कारण त्याची घनता ०.९ ते ०.९५. बाटली (१.३८) आणि पेन (१.०५) बुडतात. आता पाण्यात मीठ विरघळवत जा. पेनचा तुकडा वर येईल, बाटलीचा तळाशीच राहील. कारखान्यात बाटल्यांचा चुरा झाकणांपासून पाण्याच्या टाकीत अशाच रीतीने वेगळा करतात. प्लॅस्टिक जाळून ओळखण्याचा प्रयोग मात्र वर्गात कधीही करू नये. धूर विषारी असतो.

तिसरी : दोन बरण्यांत भाजीची देठे-साले घ्या. एकीत तितकीच वाळलेली पाने मिसळा आणि रोज हलवा. दुसरीत दाबून भरा आणि वर थोडे पाणी घाला. दोन्हींची झाकणे सैल ठेवा, कारण वायू तयार होतो. आठवड्याने वास घेऊन पाहा. हवा आणि कर्ब-नत्राचे प्रमाण यांवर किती काही अवलंबून असते, ते नाकालाच कळेल.

चौथी : शाळेचा कचरा जातो तरी कोठे, ते मुलांना शोधू द्या. गाडीवाल्याला, मुकादमाला, वॉर्ड ऑफिसला विचारू द्या. उत्तर मिळाले नाही, तर तेही वहीत नोंदवू द्या.

त्या मुलीचे उत्तर

आता त्या मुलीचा प्रश्न. समजा, शंभरांपैकी ८० घरांनी कचरा नीट वेगळा केला, त्यातला ७० टक्के गाडीत वेगळा राहिला आणि पुढे शेडमध्ये त्याच्यातला ८० टक्के नीट निवडला गेला. शेवटी हाती आला ०.८ × ०.७ × ०.८, म्हणजे सुमारे ४५ टक्के. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. एक कडी शून्य झाली की सारे शून्य. तेव्हा मुली, तुझे म्हणणे बरोबर आहे. गाडीत दोन्ही डबे एकत्र होत असतील, तर त्या गाडीपुरते तुझे श्रम वाया जातात. हे तुला कोणी सांगितले नाही, ही आमची चूक.

पण ह्याचा अर्थ वेगळे करणे सोडावे असा होत नाही. गुणाकारातला घराचा आकडा शून्य असेल, तर गाडी कितीही चांगली आली तरी उपयोग नाही. शिवाय सगळ्या साखळ्या त्या गाडीतून जात नाहीत. साले आणि पाने शाळेच्या परसातच कुजवली, तर मध्ये कोणी मिसळणारा उरत नाही. कोरडे, स्वच्छ सामान थेट कचरावेचक बाईंच्या किंवा भंगारवाल्याच्या हाती दिले, तर ते डेपोवर जात नाही. आणि उरलेल्यासाठी तुझा प्रश्न जसाच्या तसा एका कागदावर लिही, खाली सगळ्या वर्गाच्या सह्या घे आणि वॉर्ड ऑफिसात दे.

शिक्षकमित्रांनो, असा प्रश्न विचारणारे मूल आपल्याही वर्गात असेल. त्याला गप्प करू नका. धड्याची खरी सुरुवात तेथूनच होते.